सहा पाठींचा नकाशा

३ मार्च

पोचलो. सामान आमच्या आधी येऊन पडलं होतं. मोडलं काहीच नाही, एका खुर्चीचा पाय तेवढा वाकला. माझ्या लेकीने, बारकीने, लगेच जाहीर केलं की या घरात वाकडी असणारी आता ती एकटी नाही. मला हसू आलं. चार महिन्यांनी हसलात, असं ती म्हणाली. मी मोजले नव्हते.

संस्थेने दिलेल्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर आहेत. लिफ्ट आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या खोलीत ऊन येतं, तिथे बारकीची कॉट लावली. खिडकीतून समोर संस्थेची पांढरी इमारत दिसते. मला पायी चार मिनिटं लागतात, बारकीला थांबत थांबत नऊ.

संध्याकाळी तिच्या मावशीचा फोन आला. भाऊजी, दूध उतू जायच्या आत गॅस बंद करायचा असतो, एवढं लक्षात ठेवलंत तरी पोरगी जगेल, असं म्हणाली. बारकीने मागून ओरडून सांगितलं की दूध आजच उतू गेलंय आणि अजून दिवस संपायचाय. दोघी बराच वेळ हसत होत्या.

ही वही बारकीने दिली. तुम्ही बोलत तर नाही, निदान लिहीत जा, असं तिचं म्हणणं. लिहीन म्हणालो. जागा चांगली आहे. इथे बरं होईल असं वाटतं.

५ मार्च

कामाचे दोन दिवस झाले. मी तेवीस वर्षं मोजणी खात्यात आरेखक होतो, जमिनींचे नकाशे काढत होतो. इथे पाठींचे काढायचे आहेत.

संस्थेत मणक्यांची ऑपरेशनं होतात. झिजलेल्या किंवा वाकलेल्या कण्यात हाडाचे तुकडे बसवतात आणि ते जुळून येईपर्यंत रोग्याला कित्येक महिने छाती-पाठीवर टणक जॅकेट घालून ठेवतात. जॅकेटच्या आत घाम साचतो, घामाने नायटा होतो. मोठे डॉक्टर सध्या या नायट्यावर संशोधन करताहेत. बुरशी मारणाऱ्या दोन पावडरी आहेत, एक आणि दोन. कुणाला कुठली मिळते ते रोग्याला ठाऊक नाही आणि मलाही नाही. मी दर आठवड्याला एकतीस रोग्यांच्या पाठीवर पारदर्शक फिल्म ठेवायची, जॅकेटच्या चार स्क्रूंच्या खुणा चार फुल्यांनी घ्यायच्या, म्हणजे फिल्म दर वेळी त्याच जागी बसते, आणि चट्ट्याची कड बारीक पेनने उतरवायची. मग क्षेत्रफळ मोजायचं. मोजायचं यंत्र माझं स्वतःचं आणलंय. ते बघून मोठे डॉक्टर खूश झाले.

माझ्यानंतर प्रयोगशाळेतल्या बाई येतात. त्या चट्ट्यावरचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर औषधाचा थेंब टाकतात. त्वचा विरघळते आणि बुरशीचे धागे तेवढे उरतात. त्यांना सगळे काचवाली म्हणतात, त्या स्वतःही तसंच म्हणतात.

रोगी स्वतःला कासवं म्हणवतात. त्यांच्यात एक बसचालक आहे, जाडजूड, सतत बोलणारा. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं की साहेब, पाठीची मोजणी झाली की तिच्यावर कर बसणार का, आणि बसणार असेल तर बायकोच्या नावावर करून टाकतो. गणिताच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. मी आकडा लिहिला की त्या न वळता विचारतात, दशांश चिन्ह दिलंत ना?

काम शांत आहे. मला असंच हवं होतं.

९ मार्च

आज बारकीची तपासणी झाली. कण्याचा बाक बहात्तर अंश. डाव्या बाजूच्या बरगड्या फुफ्फुसावर दाबल्या जातात. तिला एका नळीत जोराने फुंकायला लावतात, मग यंत्र आकडा दाखवतं. तिच्या वयाला तीन लिटर हवे. तिचे १.४ आले. १ च्या खाली गेलं तर गळ्यात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल आणि अशी फुफ्फुसं मशीनवरून सहसा परत येत नाहीत, हे मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. ऑपरेशन २४ तारखेला.

परतताना बारकी म्हणाली की डॉक्टर तुम्हाला बाहेर नेतात तेव्हा मला न ऐकताही सगळं ऐकू येतं.

ही संस्था मला कशी सापडली ते लिहून ठेवतो. हिच्या, बारकीच्या आईच्या, मेंदूतली नस फुटली. सकाळी कपडे वाळत घालत होती, दुपारी चारला गेली. आमच्या गावच्या दवाखान्यात एक मुलगी कागद घेऊन आली. हाडं दान करता येतात, एका माणसाची हाडं कितीतरी रोग्यांना लागतात, असं म्हणाली. मी सही केली. तेव्हा कुणी काहीही पुढे केलं असतं तरी केली असती. महिन्याभराने आभाराचं पत्र आलं, त्यावर या संस्थेच्या बोन बँकेचं नाव होतं आणि एक क्रमांक. दाता ११४. पत्र माझ्या पाकिटात आहे. इथे कुणाला सांगितलेलं नाही. बारकीलाही नाही.

१५ मार्च

एक गंमत झाली.

दुसऱ्या आठवड्याच्या फिल्म वाळत टाकल्या होत्या. जागा कमी, म्हणून एकमेकींना चिकटून ठेवल्या. बसचालकाच्या चट्ट्याची उजवी कड आणि शिक्षिकाबाईंची डावी कड शेजारी आली आणि तंतोतंत बसली. खाच तिथे खाच, बाक तिथे बाक.

दोन शेजारच्या गावांचे नकाशे वेगवेगळे लोक काढतात, पण शीव एकच असते. म्हणून कडा जुळवून बघायच्या, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. डोळ्याला सवय झालेली असते. बाकीच्या फिल्म लावून बघितल्या. एकतीसपैकी सहा जुळल्या, पंचवीस नाही. सहाही जुळल्या त्या एकाच क्रमाने, पहिल्या आठवड्याच्या फिल्ममध्येही. काचवालीला दाखवलं. त्या म्हणाल्या, ढगात हत्ती दिसतो तसं आहे हे, आणि जेवून घ्या, तुम्ही दुपारी काही खात नाही हे सगळ्यांना दिसतं.

बरोबर आहे त्यांचं. पण ढग दर आठवड्याला त्याच कडेने तुटत नाहीत.

१९ मार्च

तिसऱ्या आठवड्यात सहाही चट्टे वाढले. कडा तरीही जुळतात. प्रत्येक चट्टा शेजारच्याला जागा देऊन वाढलाय.

सहा फिल्म चिकटपट्टीने जोडल्या आणि बारकी तपासणीला गेली असताना मोठ्या खोलीतल्या जमिनीवर पसरल्या. बाई आहे. कुशीवर झोपलेली. डोकं, मान, पाठीचा बाक, कंबर, मांडी, दुमडलेले गुडघे. प्रमाण एकास एक, म्हणजे खऱ्या माणसाच्या मापाची. खांद्याखाली एक जागा रिकामी राहते. तिथे सातवी फिल्म हवी, ती नाही.

या सहाजणांची केसपत्रं माझ्याच टेबलावर येतात. मागच्या पानावर हाड कुठून आलं त्याचा क्रमांक असतो. ते पान मी बघायचं नाही असा नियम आहे. बघितलं. बाकीच्या पंचवीस जणांचे क्रमांक वेगवेगळे. या सहाजणांचा एकच.

११४.

मी बराच वेळ तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. ती झोपायची तशीच आहे, गुडघे पोटाशी घेऊन. बारकीची लिफ्ट आल्याचा आवाज आला तेव्हा उठलो आणि फिल्म गुंडाळल्या.

२१ मार्च

बोन बँकेचा कारभार एक म्हातारे गृहस्थ बघतात. तळघरात मोठं गोठवणारं कपाट, त्यात डबे. माझ्याकडून बारकीचा फॉर्म भरून घेताना ते म्हणाले की हाडं जुन्या-नव्याच्या क्रमाने निघतात, पुढचा नंबर ११४ चा, आणि त्यातला हा शेवटचा डबा. फॉर्मवर एक प्रश्न आहे, रोग्याचं दात्याशी नातं आहे का. असेल तर डबा बदलतात.

मी लिहिलं, माहीत नाही.

पोरीच्या पाठीला आईचा आधार मिळणार. यात वाईट काय आहे? सहाजणांच्या चट्ट्यांबद्दल बोललो असतो तर ११४ परत मागवला असता, जाळून टाकला असता. एकदा जाळलीय तिला. पुन्हा नाही.

२४ मार्च

साडेसहा तास लागले. मोठे डॉक्टर टोपी काढत बाहेर आले आणि म्हणाले, सरळ झाली. बहात्तरचे एकोणीस अंश. शुद्धीवर आल्यावर बारकीने पहिलं विचारलं की मी उंच झाले का. साडेतीन सेंटिमीटर, असं परिचारिकेने सांगितलं. बारकी म्हणाली, बाबा, आता मला खाली बघून बोलावं लागेल तुमच्याशी.

घरी येऊन रडलो. चांगल्या अर्थाने.

२८ मार्च

बारकीला जॅकेट बसवलं. कासवांनी टाळ्या वाजवून तिला आपल्यात घेतलं. फुंकल्यावर १.६ आले, मोठे डॉक्टर म्हणतात वाढत जाईल.

दुपारी घरी एकटा होतो. सहा फिल्म पुन्हा पसरल्या. ती रिकामी जागा बघवत नव्हती.

नकाशात मोजणी न झालेला तुकडा राहिला तर आरेखक दोन्ही बाजूंच्या कडा बघून मधली रेघ अंदाजाने तुटक टिंबांनी भरतो. ते चूक नाही, खात्याची रीतच आहे. कोरी फिल्म घेतली, जागेवर ठेवली आणि तिचा हात काढला. खांदा, दंड, कोपर. पुढे टाकलेला हात, बारकी लहान असताना तिच्या अंगावरून टाकायची तसा. मनगटापर्यंत आलो आणि थांबलो. बोटं कशी असायची ते आठवेना. अठरा वर्षं बघितलेली बोटं आठवली नाहीत. म्हणून रेघ उघडीच ठेवली.

उघडी रेघ ही चूक आहे. ते ठाऊक असून ठेवली.

पण बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपलो, तीही दुपारी.

२ एप्रिल

धुण्यासाठी बारकीचं जॅकेट पहिल्यांदा काढलं. टाके स्वच्छ आहेत. डाव्या खांद्यावर चट्टा. तिथून काखेखाली, बरगड्यांवरून पुढे गेलेला, चार बोटं रुंद. काचवाली म्हणाल्या, इतक्या लवकर आणि असा पट्ट्यासारखा त्यांनी कधी बघितला नाही.

मी बघितलाय. फिल्म ठेवून उतरवायचीही गरज नव्हती, तरी उतरवली. घरी नेऊन २८ तारखेच्या फिल्मवर ठेवली.

माझी टिंबं. एकेक टिंब. कोपराजवळ माझा हात थोडा हलला होता आणि रेघेला एक बारीक ठेच लागली होती, तीसुद्धा तिथेच.

३ एप्रिल

नीट विचार करायचा. घाबरायचं नाही. हात तिच्या आईचा आहे. आई पोरीला काही करणार नाही.

१.६.

५ एप्रिल

१.४. ऑपरेशनच्या आधी होते तेवढेच. मोठे डॉक्टर म्हणतात चढउतार होतात.

बारकीने विचारलं की बाबा, जॅकेट कुणी घट्ट केलंय का. नव्हतं केलं. सैल केलं, तरी तिला तसंच वाटतं. कसं वाटतं विचारलं. कुणीतरी मागून धरलंय, दुखत नाही, पण सोडत नाही, असं म्हणाली. मग माझं तोंड बघून म्हणाली की तुम्ही असे चेहरे करणार असाल तर मी काही सांगणारच नाही.

६ एप्रिल

दुपारी तीनला रोग्यांच्या बैठकीच्या खोलीत गेलो. चक्क ऊन होतं. सहा जॅकेट भिंतीशी ओळीने उभी करून ठेवलेली. ते सहाजण दोन बाकांवर उघड्या पाठी एकमेकांना टेकवून बसले होते. कुणी बोलत नव्हतं. बसचालकसुद्धा. ज्या क्रमाने मी फिल्म लावतो त्याच क्रमाने बसले होते.

मी काय चाललंय म्हणून विचारलं. शिक्षिकाबाई म्हणाल्या की असं बसलं की खाज थांबते. आवाज झोपेतल्यासारखा. परिचारिकेला हाक मारली. आम्ही त्यांना वेगळं केलं. चिकटपट्टी उपटताना होतो तसा आवाज झाला. सुतारकाम करणारा एकजण आहे, त्याच्या पाठीवरून रक्त आलं आणि त्याला ते कळलंही नाही.

मोठे डॉक्टर म्हणाले घाम आणि पावडर, दुसरं काय.

मग बसचालक माझ्याकडे वळला आणि नेहमीसारखं हसून म्हणाला, साहेब, आमचं झालं वाटतं. काय झालं ते त्याला सांगता आलं नाही.

७ एप्रिल

सहाही पाठी साफ झाल्या. एका दिवसात. चट्टा नाही, डाग नाही. मोठे डॉक्टर आनंदात आहेत, पावडरीचा गुण म्हणतात. केसपत्राच्या त्या मागच्या पानावर हेही असतं: तिघांना एक मिळत होती, तिघांना दोन. मी सांगितलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बारकीचा चट्टा गडद झालाय. पुढे सरकलाय, मनगट छातीच्या मधोमध. १.३.

८ एप्रिल

काचवालीने मला प्रयोगशाळेत बोलावलं, दार लावून घेतलं. बारकीच्या चट्ट्याचा कोंडा. त्वचा विरघळली, धागे उरले नाहीत. बुरशी नाहीच. जे उरलं ते त्यांनी मला दाखवलं. बारीक जाळी, मधाच्या पोळ्यासारखी. त्या अकरा वर्षं हे काम करताहेत. म्हणाल्या, हे हाड आहे. कातडीवर हाड उगवतंय, दादा, तुम्ही काहीतरी लपवताय.

मी दार उघडून निघून आलो.

९ एप्रिल

फिल्मवरची शाई पात्याने खरवडून काढता येते. आम्ही चुका अशाच काढतो. मनगटाजवळची दोनच टिंबं खरवडली. हलक्या हाताने.

श्वास उतरल्यापासून बारकी चार दिवस पुन्हा वॉर्डात आहे. घरून तिथे फोन केला. पाच मिनिटांपूर्वी तिने किंकाळी मारली, असं परिचारिका म्हणाली. छातीवर दोन जखमा, टिंबाएवढ्या, खोल.

पातं फेकून दिलं. काय करून बसलो मी.

१० एप्रिल

मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ११४, फॉर्म, फिल्म, टिंबं. त्यांनी अडवलं नाही, पाणी दिलं. मग म्हणाले, दुःखात माणसाला असं दिसतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. समजा हाड काढायचं ठरवलं, तरी या श्वासावर तिला भूल देता येणार नाही. टेबलावरच जाईल. काढता येणार नाही हे मी नीट समजून घ्यावं.

समजलं. १.१.

बारकी आता अर्धी वाक्यं बोलते. उरलेली डोळ्यांनी.

११ एप्रिल

१.०५. मशीन तिच्या खोलीबाहेर आणून ठेवलंय. तिने ते बघितलं. बाबा, तुम्ही सही करू नका हं, म्हणाली. कुठल्याच कागदावर नको.

तिला ठाऊक आहे? कुणी सांगितलं? विचारलं नाही.

१२ एप्रिल

विचार करतोय. क्रमाने.

सहाजणांच्या कडा पूर्ण होत्या. शीव शिवेला लागली, सगळं पुढे सरकलं, ते सुटले. बारकीच्या फिल्मवर मी रेघ उघडी ठेवली. पुढे जायला जागा नाही. म्हणून तिथेच आवळत बसलंय.

रेघ एका शीटवर मिटत नसेल तर पुढच्या शीटवर न्यायची. हे पहिल्या वर्षी शिकवतात.

पुढचं शीट हवं. कुणाचं? वॉर्डात पंचवीस पाठी आहेत. मनात आलं, लपवत नाही. त्यात एक परिचारिकेची आईही आहे. नाही.

माझ्यात ११४ चं हाड नाही. पण बारकीच्या पाठीवरही टिंबं आधी नव्हती. मी काढली, मग आली.

१३ एप्रिल, सकाळी साडेदहा

वॉर्डातल्या खोलीत. बारकी खिडकीजवळच्या कॉटवर. ०.९५. अकराला मशीन लावणार. दार आतून लावलंय.

तिला एवढंच सांगितलं की मोजणी करायचीय, तू दर वेळी फुंकून आकडा सांग. मी शर्ट काढला. माझ्या छातीवरचे केस बघून ती थांबत थांबत म्हणाली की बाबा, हे तर जंगल आहे — नकाशात — हिरवा रंग द्या. माझं पोर.

फिल्म अर्धी तिच्या छातीवर, अर्धी माझ्या. चार फुल्या. मनगट जिथे संपतं तिथून माझ्याकडे रेघ. टिंबं नाहीत, अखंड रेघ. डाव्या हाताने फिल्म धरलीय. एकेक बोट झालं की इथे लिहितो.

तळवा. मनगटाजवळ गार लागतंय. ०.९५.

करंगळी. १.०. तिने दोनदा फुंकलं, दोन्ही वेळा १.०.

तिच्या शेजारचं बोट. १.२. ओठांचा रंग परत येतोय. माझ्या बरगडीत कळ.

मधलं बोट. १.४. तिच्या खांद्यावर बघितलं. फिका झालाय. सुटतोय. सुटतोय. मला खोल श्वास — घेता येत नाही, हरकत नाही.

तर्जनी. १.७. बारकी उठून बसली. आपली आपण. बाबा, पुरे, म्हणते. तुम्ही निळे पडताय. पूर्ण वाक्य बोलली, न थांबता.

बाहेरून दार — काचवालीचा आवाज. दादा, उघडा.

अंगठा. १.९. खांदा साफ. काख साफ. काही नाही तिच्या अंगावर.

पाच झाली. आता मनगटाकडे न्यायची, मिटवायची. दोन इंच.

मिटत नाही. पेन तिकडे जात नाही.

हा हात बारकीच्या आईचा नाही — तिची बोटं आखूड होती, माझ्या मुठीत — आता आठवतंय, आता — ही लांब आहेत

अजून एक

सहावं. माझ्या गळ्याकडे. संपत नाही — हात माझा आहे, पेन मी धरलेलं ना

बारकी पुढे वाकतेय. ओढायला. तिला कुणीतरी — दार तोडा

बारकी, फिल्मला हात लावू